आई पडल्यापासून जिना उतरलेली नाही: व्यायाम, पुरावा आणि अभ्यासात नाव देण्याबद्दल

प्रश्न असा आहे: "आई ७६ वर्षांची. सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मार्चमध्ये नहाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तीन महिने झाले, ती खाली उतरलेली नाही. आम्हीही घाबरून तिच्या हातातली कामं काढून घेतली. ओळखीचे म्हणतात, सारसबागेत नेऊन रोज फेऱ्या मारायला लावा. एका फिजिओथेरपी कॉलेजच्या मंडळींनी ज्येष्ठांच्या तोलावर चाललेल्या अभ्यासात नाव द्या म्हणून सुचवलंय, पण आईवर प्रयोग करायला मन धजत नाही. या वयात व्यायामाने खरंच फरक पडतो का? पुरावा काय?"

फरक पडतो, आणि ७६ हे त्यासाठी उशिराचं वय अजिबात नाही. नुसत्या फेऱ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. तुमच्या आईंना आधी पायांत ताकद हवी आणि उभं राहताना तोल हवा, चालणं त्याच्या मागून येईल. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही पुरावा विचारला आहे आणि या विषयातला पुरावा खरोखर चांगला आहे.

मी पुण्यात २६ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. बहुतेक काम साठी-सत्तरीच्या पुढच्या लोकांचं, त्यांच्या घरी जाऊन. मधली काही वर्षं क्लिनिकल अभ्यासांत मोजमापं घेण्याचं कामही केलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

व्यायामाआधी पडण्याचं कारण नीट विचारून घ्या. "पाय घसरला" असं बहुतेक जण सांगतात, कारण ते सांगायला सोपं असतं. पण घसरण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? गरम पाण्याची अंघोळ, रिकामं पोट आणि नुकतीच घेतलेली बीपीची गोळी, एवढं एका वेळी जमून आलं की उठून उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. फॅमिली डॉक्टरांकडून आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर औषधं तपासायला हवीत. झोपेची गोळी चालू असेल तर तीही त्यांच्या कानावर घाला, आपल्या मनाने एकदम बंद करू नका. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. आणि पायावर भार देताना जांघेत दुखत असेल तर पडल्यावर काढलेला एक्स-रे चांगला होता म्हणून गप्प बसू नका, पुन्हा दाखवा.

हे झालं की मुद्द्याचं बोलू. तुम्ही आईंच्या हातातली कामं काढून घेतलीत ती प्रेमापोटी. माझ्या भावाने आमच्या आईच्या बाबतीत हेच केलं होतं. पण शरीर ते प्रेम म्हणून घेत नाही, त्याला एवढंच कळतं की आता ही ताकद लागत नाही. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात सरासरी ६७ वयाच्या जेमतेम डझनभर निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. आजार काही नाही, खाणंपिणं व्यवस्थित. त्या १० दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत हे खरं, पण तीन महिने जिना नाही, बाजारहाट नाही, ओट्यापाशी उभं राहणंही नाही. आज त्या मार्चमध्ये होत्या त्याहून कमजोर असणार. म्हणजे पुन्हा पडण्याची शक्यता वाढली, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून वाढवली.

गेलेली ताकद परत येते का? याचं सगळ्यात ठोस उत्तर बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातून आलं. मारिया फियातारोन या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. वजन नावापुरतं नव्हतं. एकदाच जेमतेम उचलता येईल एवढं जे वजन, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत त्यांनी नेलं. नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० साली प्रसिद्ध झालं तेव्हा, नव्वदीतला स्नायू असा वाढू शकतो यावर फार थोड्या लोकांचा विश्वास होता. दहाच माणसं, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून त्यांनी १९९४ मध्ये १०० जणांवर रीतसर चाचणी केली. सरासरी वय ८७. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, चालण्याचा वेग जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढला. त्याच चाचणीत काही जणांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांच्यात फरक दिसला नाही. पावडरीचे डबे आणून आईंना खुर्चीत बसवून ठेवणाऱ्या प्रत्येक घरात मी हे सांगते.

हा पुरावा मी कॉलेजात असतानाच छापून आला होता. तरीही पहिली आठ-दहा वर्षं मी आजी-आजोबांना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून "दाबा, दहा मोजा, सोडा" एवढंच देत राहिले. भीती वाटायची. नारायण पेठेतले एक ८२ वर्षांचे आजोबा होते, निवृत्त हेडमास्तर. सहा महिने त्यांनी तो व्यायाम एकही दिवस न चुकवता केला. शंभरपानी वहीत तारीख घालून, लाल पेनाने खुणा. एक दिवस वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाई, मी अभ्यास पुरा केला, पण कमोडवरून उठायला मला अजून मुलाला हाक मारावी लागते." मी ती वही चाळत बसले. विद्यार्थ्याचा दोष नव्हता, धडाच चुकीचा दिला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही खुर्चीवरून उठायला लागलो. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची, मग अर्धा किलो तूरडाळीची पिशवी छातीशी धरून. नवव्या आठवड्यात ते स्वतःचे स्वतः उठले. हाक मारायची सवय एवढी झाली होती की उठल्यावरही त्यांनी मुलाला हाक मारली, दाखवायला.

म्हणून "हलका व्यायाम करा" या सल्ल्याचा मला राग येतो. हलका म्हणजे किती, आणि तो कधी वाढवायचा, हे न सांगता दिलेला व्यायाम म्हणजे डोस न लिहिलेलं औषध.

आता सारसबागेच्या फेऱ्या. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं, त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. पण पडणं टाळायला ते एकटं पुरत नाही. १९९७ साली इंग्लंडमध्ये एक चाचणी छापून आली. पन्नाशी ओलांडलेल्या, हात मोडलेल्या १६५ बायकांपैकी निम्म्यांना भरभर चालायला सांगितलं होतं. भरभर चालणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण वाढलं. त्यात नवल काही नाही. पाय कच्चे, तोल कच्चा आणि रस्त्यावरचा वेळ वाढवला. आपल्याकडे तर उखडलेले पेव्हर ब्लॉक, फुटपाथवर चढवलेल्या दुचाकी आणि पावसात शेवाळलेल्या पायऱ्या.

याच्या जोडीला अमेरिकेतली 'लाइफ' नावाची मोठी चाचणी लक्षात ठेवा. २०१४ मध्ये निकाल आला. ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सगळे पायांनी कमजोर पण ४०० मीटर चालू शकणारे. अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं आणि थोडं हातापायांचं ताणणं, अर्ध्यांना नियमित व्यायाम, त्यात मुख्य भर चालण्यावर आणि जोडीला पायांची ताकद व तोल. सरासरी २.६ वर्षांनी पाहिलं तर व्याख्यानांच्या गटातल्या ३५.५ टक्के लोकांची ४०० मीटर चालण्याची क्षमता कधी ना कधी गेली होती, व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के लोकांची. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो टिकला, आणि इतक्या वयाच्या इतक्या लोकांत तो टिकणं मला फार मोलाचं वाटतं. त्याच चाचणीतल्या पडून गंभीर इजा होण्याच्या आकड्यांत मात्र दोन गटांत ठाम फरक निघाला नाही. चालण्यावर भर दिला, चालणं टिकलं. पडण्यासाठी वेगळं काही करावं लागतं.

ते वेगळं काय, याचंही उत्तर आहे. २०१९ मध्ये कॅथरीन शेरिंग्टन या संशोधक आणि सहकाऱ्यांनी, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेसाठी १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, २५ देशांतले २३,४०७ लोक. त्यांचं सरासरी वय ७६, तुमच्या आईंचंच, आणि शंभरातल्या ७७ बायका. व्यायामाने पडण्याचं प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी कमी झालं. तोल आणि रोजच्या हालचालींचा व्यायाम, म्हणजे उठणं-बसणं, पायरी चढणं, वळणं, वाकून वस्तू घेणं, याने २४ टक्के. त्याला ताकदीचा व्यायाम जोडला की सुमारे ३४ टक्के. नुसतं चालणं किंवा नुसती ताकद याबद्दल ठामपणे काही म्हणावं इतका पुरावा मिळाला नाही. याच मंडळींच्या २०१७ च्या कामात असं दिसलं होतं की व्यायाम तोलाला खरोखर आव्हान देणारा असेल आणि आठवड्याला तीन तासांच्या वर होत असेल तर प्रमाण ३९ टक्क्यांनी घटतं. आठवड्याला तीन तास म्हणजे रोज २५-२६ मिनिटं. सकाळी १३, संध्याकाळी १३. एवढा वेळ प्रत्येक घरात आहे.

तोलाला आव्हान म्हणजे काय, हे समोरासमोर दाखवणं सोपं, लिहून सांगणं जरा कठीण. प्रयत्न करते. स्वयंपाकघरातला ओटा कंबरेच्या वर येतो आणि हलत नाही, म्हणून मला तो जिमपेक्षा आवडतो. आईंना ओट्याकडे तोंड करून उभं करा, मागे खुर्ची लावून ठेवा. दोन्ही हातांचे तळवे ओट्यावर. पावलं एकमेकांना चिकटवायची आणि दहा मोजायचं. जमलं तर एक पाऊल अर्धं पुढे. तेही जमलं तर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, सरळ रेषेत. आता हात बघा. आधी दोन्ही तळवे, मग एक तळवा, मग फक्त चार बोटं, मग एकच बोट. हात मोकळा झाला की मान डावीकडे-उजवीकडे वळवायची, मग डब्यातून चमचा काढून दुसऱ्या हातात द्यायचा. घोटे थोडे लटपटले पाहिजेत. माणूस डगमगत नसेल तर तोल शिकत नाही, आणि घाबरून ओटा घट्ट पकडत असेल तरी शिकत नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच आमचं खरं कौशल्य. पहिले दोन-तीन आठवडे कुणी जाणकार फिजिओथेरपिस्ट घरी येऊन ती जागा ठरवून देईल तर बरं. नंतर तुम्ही घरचे ते करून घेऊ शकता.

ताकदीसाठी खुर्चीवरून उठणं हाच राजा व्यायाम. खुर्ची भिंतीला टेकवलेली, चाकांची नको, प्लास्टिकची नको. हात छातीवर दुमडून. उठताना एक-दोन, बसताना एक-दोन-तीन-चार. धपकन बसू देऊ नका, सावकाश बसण्यातच अर्धी कमाई आहे. शेवटच्या दोन वेळा "आता नको" वाटलं पाहिजे, पण दोन वाक्यं बोलता येण्याइतका श्वास हवा. अशा १० सहज व्हायला लागल्या की उशी काढा किंवा डाळीची पिशवी द्या. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि बाजूला पाय नेणं, हे दोन्ही ओट्यापाशी. पायाला बांधायचे वेट कफ अर्ध्या किलोपासून मिळतात. एक दिवसाआड पुरे, स्नायूला मध्ये विसावा लागतो. तोलाचा सराव मात्र रोज. मांडी दुसऱ्या दिवशी जड झाली तर चालतं, गुडघा सुजला किंवा रात्री ठणकला तर एक पायरी खाली या. खाली या म्हणते, बंद करा म्हणत नाही.

सुरू करायच्या आधी मोजून ठेवा. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि हात न वापरता किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ७५ ते ७९ वयाच्या बाईने १० पेक्षा कमी केले तर ते सरासरीच्या खाली धरतात. हातांचा आधार घ्यावाच लागला तर आकडा शून्य. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, रोजच्या वेगाने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. हे कोष्टक तिकडच्या लोकांवर बेतलेलं आहे, त्यामुळे आकड्याने घाबरू नका. आजचा आकडा आणि सहा आठवड्यांनंतरचा आकडा यांतला फरक बघा.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी सहज बघावी. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण उत्तर द्यायला थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. आईंना गॅलरीकडे जाताना "आज भाजी कुठली करायची?" असं विचारा. त्या थांबून, तुमच्याकडे बघून मग उत्तर देत असतील, तर चालण्यालाच त्यांचं सगळं लक्ष लागतंय. तसं असेल तर तोलाच्या सरावात बोलणंही घाला: उलटे आकडे, नातवंडांचे वाढदिवस, तोंडपाठ स्तोत्र. आणि त्या जिन्यावर असताना त्यांच्याशी बोलू नका, हाकही मारू नका.

पुण्यात योगाचा विषय निघतोच, कारण अय्यंगार पद्धत इथलीच. सिडनीत २०१३ साली सरासरी ६८ वयाच्या ५४ जणांवर १२ आठवड्यांची छोटी चाचणी झाली, त्यात उभ्याने करायच्या अय्यंगार आसनांनी तोल आणि हालचाल सुधारली. भिंत, खुर्ची, पट्टा यांचा आधार घ्यायची त्यांची शिस्त मला मनापासून पटते. पण तोलाचा आकडा सुधारणं आणि माणूस प्रत्यक्ष कमी वेळा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला ५४ माणसं पुरत नाहीत. आईंनी आधी कधी केला असेल तर चांगल्या शिक्षकाकडे जरूर करा, बसून करायच्या प्राणायामाला मात्र पायांचा व्यायाम समजू नका.

खाण्याबद्दल थोडक्यात. संध्याकाळी चहा-बिस्किट आणि रात्री "मला भूकच नाही, दूधभात पुरे" यावर स्नायू होत नाही. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ५५ किलोंच्या बाईला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. घट्ट वरण, दही, पनीर, मोड आलेली मटकी, खात असतील तर अंडी, तीनही जेवणांत विभागून. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि ती भरून काढायलाच हवी, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ऑस्ट्रेलियात ७० च्या पुढच्या २,२५६ बायकांवरच्या चाचणीत निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच मोठा डोस दिला होता. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका कमी नव्हे, जास्त पडलेल्या दिसल्या. "चांगलं असतं" म्हणून स्वतःहून सॅशे वाढवायचे नाहीत, ते यासाठी.

आता "आईवर प्रयोग". तुमची धास्ती मला समजते, पण वर लिहिलेला एक एक आकडा कुणाच्या तरी आईने आपलं नाव दिलं म्हणून हाती आला आहे. आणि तो बहुतेक सगळा बोस्टन, सिडनी, स्वीडनचा आहे. तिथली घरं, जमीन, पायातले जोडे सगळं वेगळं. नऊवारी किंवा सहावारी सावरत, अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर, उंबरठा ओलांडून जाणाऱ्या बाईला नेमकं काय शिकवायचं, हे तिकडच्या चाचण्या सांगू शकत नाहीत. 'लासी' या राष्ट्रीय पाहणीने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार धरून ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती गोळा केली, त्यातून आपल्याकडचं वार्धक्य कसं आहे ते दिसतं. पण कोणता व्यायाम लागू पडतो हे पाहणीतून कळत नाही, त्यासाठी चाचणीच लागते.

चाचणीत तुलनेचा गट का लागतो, हे मी मोजमापं घेताना शिकले. माझं काम एवढंच होतं: व्यक्ती येणार, मी घड्याळ लावणार, आकडा लिहिणार. ती कोणत्या गटात आहे हे मला कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर माझं बोट नकळत घड्याळावर लवकर पडेल. एक आजी आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं नाहीये ना मी काय करते ते? पण मी रोज करते हो." त्यांची चाचणी पहिल्यापेक्षा दीड सेकंदाने सुधारली होती. नंतर कळलं, त्या व्यायामाच्या गटातल्या नव्हत्याच, त्यांना फक्त माहितीपत्रक मिळालं होतं. दुसऱ्यांदा चाचणी देताना माणसाला ती ओळखीची झालेली असते, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणून हुरूप असतो, आणि लोक नाव नोंदवतात तेच मुळी सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे काही सुधारणा आपोआपच होते. तुलनेचा गट नसता तर ते दीड सेकंद आम्ही व्यायामाच्या खात्यात टाकले असते.

तेव्हा नाव द्यावं असं माझं मत आहे, पण विचारपूस करून. अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, आणि सीटीआरआय म्हणजे भारताच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक आहे का, हे आधी विचारा. ही नोंदवही २००७ पासून सुरू आहे, एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते, आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. माहितीपत्रक मराठीत हवं आणि ते घरी नेऊन वाचायला मिळालं पाहिजे. "इथे सही करा" म्हणून घाई करत असतील तर उठून या. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आईंना कुठल्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येतं, त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, आणि अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. व्यायाम चालू असताना शेजारी कोण उभं असेल, हेही विचारा. तोलाच्या अभ्यासात हा माझा पहिला प्रश्न असतो. आणि तुलनेच्या गटात चिठ्ठी निघाली तर अभ्यास संपल्यावर आईंना तो व्यायाम शिकवणार का? चांगले संशोधक याला लगेच हो म्हणतात.

कॉलेजांतले पुष्कळ अभ्यास पदव्युत्तर प्रबंधासाठी असतात, ३०-४० माणसं आणि चार-सहा आठवडे. त्यातून जगाला पटेल असं उत्तर निघत नाही, पण आईंना तपासणी मिळेल, शिकवणारं तरुण माणूस मिळेल आणि घराबाहेर जायला निमित्त मिळेल. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

फक्त त्यासाठी आधी जिना उतरावा लागेल. दोन-तीन आठवडे ओट्यापाशी सराव झाला, खुर्चीतून हात न लावता पाच-सहा वेळा उठता आलं, की जिन्याला हात घाला. दुपारच्या उजेडात, चश्मा लावून. जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह चश्म्यातून पायरी धूसर दिसते, तेव्हा लांबच्या नजरेचा वेगळा असेल तर तो. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, सपाता नकोत. साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर. उतरताना तुम्ही त्यांच्या पुढे एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, चढताना एक पायरी मागे. त्यांचा दंड धरू नका, त्यांचा हात कठड्यावर राहू द्या आणि तुमचा हात त्यांच्या कंबरेच्या मागे तयार ठेवा. उतरताना दुखरा किंवा कमजोर पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. पहिल्या आठवड्यात मधल्या चौकापर्यंतच. तिथे एक लाकडी खुर्ची ठेवा, शेजाऱ्यांना सांगून. दोन मिनिटं बसायचं, खालच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी दोन शब्द बोलायचं आणि वर यायचं. गणपतीला अजून जवळजवळ तीन महिने आहेत. खालच्या आरतीला आईंना स्वतःच्या पायांनी उभं राहायचं आहे का, हे त्यांनाच विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर आजची तारीख घालून खुर्चीचा आकडा लिहून ठेवा.